मल्टिव्हॅल्यू माहितीसंच : दोष कोठे शोधावा?

(जुन्या संगणक-प्रणालींची निगा राखणाऱ्या आज्ञावलीकारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मल्टिव्हॅल्यू या शब्दासाठी मराठी प्रतिशब्द शोधू लागले की पहिली अडचण तेथेच उभी राहते. ‘बहुमूल्य’ म्हणावे, तर ती विक्रेत्याने आपल्याच मालाची केलेली भलावण वाटते. ‘बहुमानी’ म्हणावे, तर एखादी पदवी बहाल केल्यासारखे होते. म्हणून मूळ शब्दच ठेवून पुढे जातो. एका रकान्यात एकाहून अधिक मूल्ये राहू शकतात, एवढाच त्याचा साधा अर्थ.

आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण सारणी, स्तंभ आणि पंक्ती या परिभाषेत झाले आहे. कॉड यांनी १९७० मध्ये जो संबंधाधिष्ठित सिद्धांत मांडला, त्यात एका चौकटीत एकच मूल्य असावे असा दंडक आहे. आजचा विषय त्याही अगोदरचा आहे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील टीआरडब्ल्यू कंपनीत डॉन नेल्सन आणि डिक पिक यांनी चेयेन या लष्करी हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांची माहिती शोधून काढण्यासाठी ही पद्धत रचली. त्या हेलिकॉप्टरची योजना १९७२ मध्ये गुंडाळण्यात आली. त्याच्या सुट्या भागांच्या यादीसाठी रचलेली पद्धत मात्र आजही चालू आहे. १९७३ मध्ये मायक्रोडेटा कंपनीने ती ‘रिॲलिटी’ या नावाने बाजारात आणली. पुढे प्राइम इन्फर्मेशन, युनिव्हर्स, युनिडेटा, डी-थ्री, जेबेस अशी तिची अनेक भावंडे झाली. युनिव्हर्स आणि युनिडेटा २००१ मध्ये आयबीएमकडे आणि २००९ मध्ये रॉकेट सॉफ्टवेअरकडे गेली. टेमेनॉस या स्विस कंपनीची बँकांसाठीची प्रणाली जेबेसवर वाढली आणि तिच्यामुळे भारतातील कितीतरी तरुणांना या जुन्या घराण्याची ओळख झाली. तेव्हा या प्रणाली कालबाह्य म्हणून सोडून देण्याजोग्या नाहीत. त्यांच्यावर बिले निघतात, ग्रंथालयांतील पुस्तकांची देवघेव होते, खात्यांवर व्याज चढते.

नोंदीची रचना प्रथम लक्षात घेऊ. नोंद म्हणजे अक्षरांची एक लांब साखळी. तिच्यात २५४ क्रमांकाचे चिन्ह रकाने वेगळे करते, २५३ क्रमांकाचे चिन्ह रकान्यातील मूल्ये आणि २५२ क्रमांकाचे चिन्ह मूल्यांतील उपमूल्ये. समजा, एका मागणीपत्राच्या तिसऱ्या रकान्यात मालाचे संकेतांक आहेत, चौथ्यात नग आणि पाचव्यात दर. तिसऱ्या रकान्यातील दुसऱ्या संकेतांकाचे नग चौथ्या रकान्याच्या दुसऱ्या जागी असतात. हा संबंध साखळीत कोठेही लिहिलेला नसतो. शब्दकोश-फाईलीत त्याची नोंद करता येते. परंतु ती अहवालापुरती. आज्ञावली लिहिणाराने शिस्त पाळली तरच हा संबंध टिकतो.

आता एखाद्याने तिसऱ्या रकान्यातील दुसरा संकेतांक काढून टाकला आणि चौथ्या-पाचव्याला हात लावला नाही, तर त्याखालचा प्रत्येक संकेतांक एक जागा वर सरकतो आणि दुसऱ्याच्या नगांशी जोडला जातो. तक्रार येते ती ‘बिल चुकले’ अशी. आपण आज्ञावली वाचतो आणि तिच्यात दोष सापडत नाही. कारण आज तेथे दोष नसतोच. तो कोणीतरी केव्हाच दुरुस्त केलेला असतो. बिघडलेली नोंद मात्र जशीच्या तशी पडून राहते. म्हणून आज्ञावलीच्या आधी नोंद उघडून पाहावी. ‘डीकाउंट’ने तिन्ही रकान्यांतील मूल्यांची संख्या मोजून, जेथे ती जुळत नाही त्या नोंदींची यादी काढणारी दहा ओळींची तपासणी प्रत्येकाने हाताशी ठेवावी. अर्थात शेवटचे मूल्य रिकामे असले म्हणजे संख्या कमी भरू शकते. यादीत आलेली प्रत्येक नोंद दोषी ठरवू नये, डोळ्यांखालून घालावी.

दुसरी नित्याची तक्रार गतीची. ‘गेल्या वर्षी चांगले चालत होते, आता घोडे अडते,’ असे ग्राहक सांगतो. यंत्र बदलावे असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यापूर्वी फाईलीचा आकार पाहावा. मल्टिव्हॅल्यू फाईल ठरावीक गटांत विभागलेली असते. नोंदीच्या ओळखक्रमांकावर गणित करून ती कोणत्या गटात जाईल हे ठरते. या गटांच्या संख्येला मॉड्युलो म्हणतात. गट भरला की त्याला जोडून अतिरिक्त जागा दिली जाते, तीही भरली की आणखी. नोंद हरवत नाही, काही बिघडत नाही. फक्त शोधणे लांबत जाते.

उदाहरणच घेऊ. एका फाईलीत १,००० नोंदी आहेत, प्रत्येक सरासरी २०० बाइटांची. एकूण दोन लाख बाइट. गटाचा एक खण २,०४८ बाइटांचा आहे आणि फाईल तयार करताना कोणीतरी मॉड्युलो ७ दिला. मग प्रत्येक गटात सुमारे २८,५७१ बाइट, म्हणजे १४ खण. असलेली नोंद शोधण्यास सरासरीने त्यातील निम्मे खण चाळावे लागतात. नसलेली नोंद शोधण्यास मात्र पूर्ण चौदा. कारण शेवटपर्यंत गेल्यावाचून ती नाही हे कळत नाही. त्यामुळे ‘हा क्रमांक आधी आहे का’ हे पाहून नवी नोंद करणारा पडदा सर्वांत मंद होतो आणि दोष बिचाऱ्या त्या पडद्याच्या आज्ञावलीवर येतो. हाच मॉड्युलो १२७ केला, तर गटात सरासरी १,५७५ बाइट येतात आणि बहुतेक नोंदी एकाच खणाच्या वाचनात सापडतात.

१२७ ही मूळ संख्या आहे, हे आपल्या ध्यानात आले असेल. साध्या भागाकाराने विचार करा. ओळखक्रमांक दहा-दहाच्या अंतराने दिलेले असतील आणि आपण १०० ने भागले, तर बाकी दहाच प्रकारची उरते. नव्वद गट मोकळे आणि दहांत गर्दी. १०१ ने भागले तर नोंदी सर्वत्र पसरतात. प्रत्यक्षातील गणित याहून गुंतागुंतीचे असते आणि युनिव्हर्समध्ये त्याचे अनेक प्रकार आहेत. परंतु तत्त्व हेच. याचा अर्थ मॉड्युलो वाटेल तेवढा वाढवावा असा नव्हे. त्याच १,००० नोंदींसाठी कोणी उदार होऊन १०,००७ गट मांडले, तर संपूर्ण फाईल वाचणाऱ्या अहवालाला दोन लाख बाइटांच्या माहितीसाठी दोन कोटींहून अधिक बाइट चाळावे लागतील.

युनिव्हर्समधील तीस क्रमांकाच्या प्रकारची फाईल आपला आकार स्वतः बदलते. भार ८० टक्क्यांवर गेला की गट फुटतो, ५० टक्क्यांखाली आला की गट जोडले जातात. ही सोय उत्तम आहे. पण तिचा एक सापळा सांगितलाच पाहिजे. ही फाईल म्हणजे कार्यप्रणालीच्या दृष्टीने एक संचिका असते. तिच्यात डेटा-तीस आणि ओव्हर-तीस असे दोन भाग आणि टिंबाने सुरू होणारी ‘टाइप-तीस’ नावाची एक अदृश्य खूण असते. तारांकन वापरून नक्कल करणाऱ्याच्या नजरेतून ती खूण सुटते. नक्कल केलेली फाईल मग उघडत नाही आणि माहिती नष्ट झाली अशी ओरड होते. माहिती सुखरूप असते. फक्त दाराबाहेरची पाटी राहून गेलेली असते. याउलट बत्तीस-बिटी फाईल दोन गिगाबाइटांच्या मर्यादेला जाऊन भिडली, तर मोडतोड खरीखुरी असते. मोठ्या फाईलींचे आकार महिन्यातून एकदा पाहून वहीत टिपण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आता कुलुपांविषयी. या विषयावर मला अधिक बोलायचे आहे, कारण येथील चुकीची किंमत ग्राहक रोख पैशांत मोजतो. भांडारात एका वस्तूचे ५०० नग आहेत. दोन खिडक्यांवर दोन कारकून ती नोंद एकाच वेळी साध्या ‘रीड’ने वाचतात. पहिला २०० नग देऊन ३०० लिहितो, दुसरा १०० देऊन ४०० लिहितो. जो नंतर लिहील त्याचा आकडा टिकतो. भांडारात उरले २००, संगणक सांगतो ४००. कोणताही संदेश येत नाही, कोणतीही आज्ञावली थांबत नाही. वार्षिक मोजणीच्या वेळी भांडारपालाला जाब विचारला जातो आणि प्रामाणिक मनुष्य चोर ठरतो.

यासाठी ‘रीडयू’ आहे. ते नोंद वाचताना कुलूप लावते आणि ‘राइट’ झाल्यावर ते सुटते. पण दोन गोष्टी पाठ्यपुस्तके घाईने सांगतात. एक, साधे ‘रीड’ कुलुपाकडे पाहतच नाही. तेव्हा शंभर आज्ञावल्यांपैकी एकीने जरी बदल करण्यापूर्वी साधे ‘रीड’ वापरले, तरी उरलेल्या नव्याण्णवांची शिस्त वाया जाते. दोन, नोंद अस्तित्वात नसली तरीही ‘रीडयू’ कुलूप लावतेच. नोंद न मिळाल्याने आज्ञावली ‘एल्स’च्या वाटेने जाते, लिहिणारा समजतो की काही हाती आले नाही तर सोडायचे तरी काय, आणि त्या नसलेल्या नोंदीचे कुलूप तसेच राहते. आज्ञावली संपली की ते बहुधा सुटते. परंतु सकाळी सुरू झालेली आणि संध्याकाळी बंद होणारी मेन्यूची आज्ञावली दिवसभर संपतच नाही. कारकून चहाला गेला आणि पलीकडच्या टेबलावरील पडदा गोठला, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. न लिहिता बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर ‘रिलीज’ हवे.

पडदा गोठला म्हणजे व्यवस्थापक कुलुपांची यादी पाहून ते जबरीने उघडू शकतो. हा अधिकार काढून घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण कुलूप ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे आधी उठून जावे. त्याच्या पडद्यावर नोंदीची जुनी प्रत उघडी असते. कुलूप तोडून दुसऱ्याने बदल केला आणि नंतर चहाहून परतलेल्याने ‘जतन करा’ दाबले, तर पुन्हा ५०० नगांचीच कथा घडते. ‘लॉक्ड’ हे उपवाक्य लिहून कोणामुळे थांबावे लागले आहे ते पडद्यावर दाखविले, तर निम्मे दूरध्वनी आपोआप कमी होतात. जुन्या पिक यंत्रांवर कुलूप नोंदीला नसून संपूर्ण गटाला लागत असे. त्या काळच्या आज्ञावल्यांत कुलुपांविषयी जी विचित्र भीती दिसते, तिचे मूळ तेथे आहे. दोन फाईलींना कुलपे लावायची झाल्यास सर्व आज्ञावल्यांनी एकच क्रम पाळावा, नाहीतर दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात.

‘एल्स’चा विषय निघालाच आहे, तर त्यानंतर नुसते ‘नल’ लिहिण्याच्या सवयीबद्दल बोलतो. नोंद सापडली नाही तर काहीही करू नका, असा त्याचा अर्थ. आता नोंद न सापडल्यास चलाचे काय होते? इन्फर्मेशनच्या परंपरेत ते रिकामे होते. पिकच्या परंपरेत त्यात आधीची नोंद तशीच राहू शकते. युनिव्हर्समध्ये हे खाते कोणत्या पद्धतीचे आहे यावर अवलंबून असते. तीच आज्ञावली एका खात्यातून दुसऱ्यात नेली, की ज्या ग्राहकाची नोंद नाही त्याच्या बिलावर आधीच्या ग्राहकाचा पत्ता छापला जाऊ लागतो. प्रत्येक ‘रीड’च्या ‘एल्स’मध्ये चल स्वतः रिकामे करावे आणि न सापडलेला क्रमांक कोठेतरी लिहून ठेवावा.

ओळखक्रमांकांचीही एक गंमत आहे. या भाषेत सर्व काही अक्षरसाखळी असली, तरी तुलना करताना दोन्ही बाजू अंकांसारख्या दिसल्या की ती अंक म्हणून होते. म्हणजे ‘००७’ आणि ‘७’ यांची तुलना केली तर त्या समान ठरतात. पण नोंद वाचताना ‘००७’ आणि ‘७’ या दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. तपासणी उत्तीर्ण होते आणि वाचन अयशस्वी होते. अशा ठिकाणी दोन्ही साखळ्यांना पुढे एखादे अक्षर जोडून तुलना करावी.

अंकांच्या बाबतीत प्रणालीचा दुसरा स्वभाव अधिक घातक आहे. जेथे अंक हवा तेथे तो नसला, तर ती एक इशारा देते, शून्य धरते आणि पुढे चालू लागते. बाहेरून आलेल्या यादीत रक्कम ‘१,२५,०००’ अशी स्वल्पविरामांसह आली, तर बेरजेत तिची किंमत शून्य. पडद्यासमोर कोणी बसलेले असेल तर इशारा दिसेल. पण रात्री पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामाचे इशारे पीएच नावाच्या फाईलीत जाऊन पडतात आणि ती फाईल बहुधा जागा अपुरी पडली म्हणजेच आठवते, तीही पुसून टाकण्यासाठी. रात्रीच्या कामानंतर त्या फाईलीत ‘शून्य धरले’ हा मजकूर आहे का, एवढे शोधणारी आज्ञा पहाटे चालवावी. रक्कम आत घेतानाच स्वल्पविराम काढून ‘नम’ने तपासावी, हे तर झालेच.

तारखा येथे ३१ डिसेंबर १९६७ हा शून्य दिवस धरून दिवसांच्या संख्येने साठविल्या जातात. १८ मे १९९५ रोजी ही संख्या १०,००० झाली. ज्यांनी शब्दकोशात तारखेचा रकाना डावीकडून जुळवलेला ठेवला होता, त्यांच्या अहवालांत त्या दिवसापासून १०,००० हा आकडा ९,९९९ च्या आधी येऊ लागला. १९६८ ते १९९५ या काळातील जुन्या नोंदी ज्या फाईलींत आहेत, तेथे हा दोष आजही भेटतो. उपाय एका अक्षराचा आहे : डावीऐवजी उजवी जुळवणी.

निवडयाद्यांबाबत थोडक्यात सांगतो. ‘सिलेक्ट’ने केलेली यादी वापरली गेली नाही, तर ती पुढच्या आज्ञेची वाट पाहत जिवंत राहते. मग आपण संपूर्ण फाईलीचा अहवाल मागतो आणि सतराच नोंदी मिळतात. अहवालाच्या जागी नोंदी खोडणारी आज्ञा असली तर काय होईल, ते सांगण्याची गरज नाही. तसेच फाईल चाळत असताना तिच्यातच नव्या नोंदी लिहिल्या, तर त्या पुन्हा समोर येऊ शकतात. आधी पूर्ण यादी करून घ्यावी. आणि काहीही खोडण्यापूर्वी फाईलीचे नाव शब्दसंग्रहात कोठे नेते ते पाहावे. चाचणीच्या खात्यातील नाव प्रत्यक्ष कामाच्या फाईलीकडे बोट दाखवीत असल्याचे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

गटाची रचनाच मोडली, ज्याला ग्रुप फॉरमॅट एरर म्हणतात, तर कारण बहुधा आज्ञावलीबाहेर असते : वीज गेली, डिस्क भरली, किंवा मघाशी सांगितलेली मर्यादा ओलांडली. या वेळी घाई हाच मोठा शत्रू. प्रथम सर्वांना बाहेर काढावे. मग फाईलीची आहे तशी, मोडक्या अवस्थेतील, प्रत घ्यावी. त्यानंतरच दुरुस्तीचे साधन चालवावे आणि तेही आधी केवळ निदानासाठी. फाईलीचा आकार बदलून दोष जाईल या आशेने ‘रिसाइझ’ करणारे भेटतात; तुटलेल्या दुव्यापलीकडच्या नोंदी अशा वेळी मागेच राहतात आणि त्यांची मूळ जागाही पुसली जाते. दुरुस्तीनंतर नोंदींची संख्या आदल्या रात्रीच्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय लोकांना आत घेऊ नये.

शेवटी आपल्या लिपीचा प्रश्न. चिन्हांसाठी २५२ ते २५४ हे क्रमांक राखीव आहेत, हे आपण पाहिले. युरोपातील लॅटिन-एक संकेतात २५२ म्हणजे जर्मन भाषेतील दोन टिंबांचा ‘यू’. त्यामुळे ‘म्युलर’ आडनावाच्या गृहस्थांची नोंद आत घेताच नावाची दोन उपमूल्ये होतात. देवनागरीच्या बाबतीत दैव आपल्या बाजूचे आहे. १९९१ चा इस्की संकेत १६१ ते २५० या मर्यादेत राहतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरी अक्षराचा पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५ आणि तिसरा १२८ ते १९१ मधला असतो. म्हणजे राखीव चिन्हांशी टक्कर नाही. टक्कर होते ती जुन्या खासगी टंकांतील मजकुराशी, कारण त्यांत अक्षरांचे तुकडे अगदी वरच्या क्रमांकांपर्यंत बसविलेले असत. तो मजकूर आत घेण्यापूर्वीच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. नंतर वेगळा करता येत नाही.

पण टक्कर नाही म्हणजे त्रास नाही, असे नव्हे. बहुभाषिक सोय चालू नसेल तर ‘लेन’ बाइट मोजते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच संकेत, म्हणून पंधरा बाइट. दहा बाइटांच्या रकान्यात तो कापून बसविला, तर ‘मरा’ एवढे उरते आणि पुढे ‘ठ’चा एक फुटका तुकडा. असा तुकडा नोंदीत लिहिला गेला की अहवाल छापताना ओळी सरकतात आणि दुसरी प्रणाली ती नोंद स्वीकारतच नाही. बाइटांवर कापणारी प्रत्येक ओळ शोधून, कापण्याची जागा १२८ ते १९१ मधल्या बाइटाच्या आधी येत असेल तर मागे सरकावी. बहुभाषिक सोय चालू करणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र तत्पूर्वी प्रत्येक फाईल कोणत्या संकेतात आहे ते ठरवावे लागते, आणि हे काम चालू खात्यावर न करता त्याच्या नकलेवर करावे.